वकिलाच्या लेकीचा इंटरव्ह्यू

"रिअलिस्टिकली बोलायचं तर तुमचे चान्सेस कमी आहेत," पुण्याचा तो माणूस लॅपटॉपच्या पडद्यातून मला म्हणाला, आणि वर हसला. मला त्या हसण्याचाच जास्त राग आला. कमी तर कमी, हसतोस काय बाबा?

बिझनेस स्कूलला अर्ज करणाऱ्यांची प्रोफाइल तपासायची आणि कुणाला कुठे प्रवेश मिळेल, कुठे मिळणार नाही हे सांगायचं, हा त्याचा धंदा. मला नोकरी केलेल्या लोकांसाठी असतो तो वर्षभराचा एमबीए करायचा होता. प्रवेश परीक्षेत मार्क चांगले पडले होते. दोन स्कूलं मनात होती, एक मधल्या दर्जाचं आणि एक अगदी वरचं. त्यानं माझी माहिती मोठ्यानं वाचली. फूड टेक्नॉलॉजीची पदवी, अमरावती. प्रॉडक्शन मॅनेजर, डाळ मिल, एमआयडीसी, अकोला. वय चौतिशीला टेकलेलं. वाचता वाचता त्याचा आवाज खाली खाली जात होता.

"वरच्या स्कूलचा नाद सोडा," तो म्हणाला. "मधल्याचं बघू. आणि एक करा, अर्जातून 'डाळ मिल' हा शब्द काढून टाका. 'अ‍ॅग्री व्हॅल्यू चेन' लिहा."

"काहून?" मी विचारलं. राग आला की माझं वऱ्हाडी आपोआप बाहेर पडतं.

"नाही म्हणजे, ते जरा लहान वाटतं," तो म्हणाला.

लहान! अख्ख्या पुण्याच्या वरणभातात आमच्या अकोल्याची डाळ पडते, आणि म्हणे लहान वाटतं. पण गरज माझी होती. गुमान 'हो' म्हटलं आणि लॅपटॉप मिटला.

एमबीएचं खूळ माझ्या डोक्यात आपसूक शिरलेलं नव्हतं. ते आमच्या मिलच्या शेठनं घातलं. मी तिथे लागले तेव्हा आम्ही डाळ फक्त कट्ट्यांनी विकायचो. कट्टा म्हणजे पोतं. व्यापारी यायचा, भाव पाडायचा, ट्रक भरून न्यायचा. मग एक मशीन आली, दाण्याचा रंग ओळखून खराब दाणा उडवून लावणारी. निवडणीला बसणाऱ्या बाया एका झटक्यात बिनकामाच्या झाल्या. शेठ म्हणाले, "आता त्याईले सांगून टाका, उद्यापासून येऊ नोका." मी म्हटलं, थांबा. आपण आपल्या नावानं किलोची, अर्ध्या किलोची पाकिटं काढू, बाया पॅकिंग करतील. "बाई, आपन मिलवाले आहो, दुकानदार नाई," शेठ म्हणाले. मी भांडले. आमच्या शेठशी भांडायला मजा येते, कारण भांडण ऐन रंगात आलं की ते चहा मागवतात. शेवटी म्हणाले, "करा तुमच्या मनचं."

मग मी पाकिटं पिशवीत घालून अकोल्यातल्या जठारपेठेच्या किराणा दुकानांत फिरायला लागले. दुकानदार पाकीट उलटंसुलटं करून बघायचा आणि माझ्याकडे परत सरकवायचा. एके दिवशी माझं डोकं फिरलं. दुकानाच्या मागेच त्याचं घर होतं. मी सरळ आत त्याच्या बायकोकडे गेले आणि म्हटलं, "वहिनी, जरा कुकर द्या." तिच्याच गॅसवर आमची डाळ लावली, नुसतं हळद-मीठ घालून वरण केलं. तिनं वाटीभर खाल्लं, दुकानात गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "हे ठेवा. आपल्या घरी बी आता हेच." तीच माझी रीत झाली. दुकानदाराच्या नादी लागायचंच नाही, स्वयंपाकघर गाठायचं. बार्शीटाकळीपासून वाशीमपर्यंत किती अनोळखी घरांत मी वरण शिजवलं असेल, देव जाणे. पाकिटं चालली. चालली काय, पळाली.

आणि मिलचा जनरल मॅनेजर नेमायची वेळ आली, तेव्हा शेठनं खुर्चीवर आपल्या पुतण्याला आणून बसवलं. "तुमी लय कामाच्या, त्यात वादच नाई," ते मला म्हणाले. "पन त्याच्यापाशी एमबीए आहे ना, बाई."

पुतण्या वाईट नव्हता हो. पण तुरीची डाळ कुठली आणि हरभऱ्याची कुठली, हे त्याला पाकिटावर वाचून कळायचं. त्या दिवशी मी खोलीवर आले आणि रडले. खोटं कशाला बोलू? पोटभर रडले, तोंड धुतलं आणि प्रवेश परीक्षेची पुस्तकं मागवली. यंदा जमलं तर जमलं. या वयात पुढच्या वर्षी मला कुणी दारातही उभं केलं नसतं, आणि मग त्या पोराला 'हो सर, हो सर' म्हणत मी त्याच मिलमध्ये म्हातारी झाले असते.

रविवारी मी अमरावतीला आईबाबांकडे जाते. बाबा फौजदारी वकील. भातकुलीकडच्या खेड्यातून आलेले, आमच्या घराण्यातला पहिला काळा कोट त्यांचा. सत्तरी ओलांडली तरी कोर्ट सुटलेलं नाही. पुण्याच्या माणसाचं मत मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी चष्मा काढला.

"त्यानं हे कशाच्या आधारावर सांगितलं?"

"अनुभवाच्या, म्हणे."

"म्हंजे पुरावा नाई. नुसतं मत. मताले काय किंमत आहे?"

मला एकदम हलकं वाटलं. आणि तिथेच घोटाळा झाला, कारण बाबांनी केस हातात घेतली. आमच्या घरात कुठलीही अडचण आली की बाबा तिची केस करतात. नळाला पाणी आलं नाही तर लोक टँकर बोलावतात, आमच्याकडे आधी नोटीस तयार होते.

साक्षीदाराला पिंजऱ्यात पाठवण्याआधी वकील जसा घोटून तयार करतो, तसं बाबांनी मला तयार करायला घेतलं. रविवारमागून रविवार. समोरच्या खोलीत लाकडी खुर्चीवर मी, आणि ते हात मागे बांधून फेऱ्या घालताहेत. "विचारलं तेवढंच सांगजो. एक शब्द जास्त नाई. साक्षीदार जास्त बोलला की मेला." चूक कबूल करायची नाही. अडचणीचा प्रश्न आला की 'आठवत नाही'. आणि सगळ्यात मोठा नियम, चिडायचं नाही. "समोरचा वकील त्याच्यासाठीच तं बसला असते. तुले राग आला का तू संपली." मला हे सगळं मनापासून पटत होतं, बरं का. बाबांनी तयार केलेला साक्षीदार कुणाच्या बापाला हलत नाही, अशी अमरावतीच्या कोर्टात त्यांची ख्याती आहे. मी वकिलाची लेक. इंटरव्ह्यू म्हणजे उलटतपासणी, यात मला शंकाच नव्हती.

मधल्या स्कूलचा इंटरव्ह्यू अमरावतीच्या घरून, ऑनलाइन झाला. माझ्या मागे बाबांच्या कायद्याच्या पुस्तकांची भिंत, दाराआड खुद्द बाबा. पडद्यावर तिघं जण. सगळं इंग्रजीत.

"स्वतःबद्दल सांगा," पहिला म्हणाला.

मी काय सांगितलं? नाव सांगितलं. वय सांगितलं. धंदा नोकरी, राहणार अकोला. आणि थांबले. कोर्टात जबानी अशीच सुरू होते. ते पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले, मी पुढच्या प्रश्नाची.

"सहकाऱ्यांशी कधी मतभेद झाले का?"

"मतभेद झाले, हे म्हणणं खरं नाही." शेठशी रोज कडाकडा भांडणारी मी!

"आजवरचं तुमचं मोठं अपयश?"

"आठवत नाही."

"ही व्हॅल्यू चेन म्हणजे तुम्ही नेमकं काय करता?"

"कंपनीच्या मालाच्या व्हॅल्यू चेनचं व्यवस्थापन करते."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मला थँक्यू म्हटलं. ठरलेल्या वेळेच्या कितीतरी आधी आटोपलं. दाराआडून बाबा आले ते टाळ्या वाजवतच. "एक नंबर! एकाही प्रश्नात सापडली नाई माही पोरगी!"

नकार लगोलग आला. पुण्याच्या माणसानं फोनवर 'मी म्हटलं होतंच' असं दोनदा ऐकवलं. बाबांनी विचारलं, "अपील करता येते का?" आणि मग स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. आई शाळेत शिक्षिका होती, आवाज अजून वर्गातलाच आहे.

"अवो, पिंजऱ्यात कोन उभं राह्यते?" तिनं बाबांना विचारलं. "ज्याच्यावर संशय आहे तो, नाई तं ज्यानं दुसऱ्याचं काही पायलं तो. माह्या पोरीनं सोता काम केलं आहे. तिले तुमी पिंजऱ्यात कावून उभी करून राहिले?"

बाबांचं तोंड एवढंसं झालं. मला त्यांची दयाच आली. माणसानं आपलं होतं नव्हतं ते कसब मला दिलं होतं, आता ते इंटरव्ह्यूच्या कामाचं नव्हतं त्याला ते काय करणार? पण आई बोलली ते मला लागलं, आणि बरं झालं लागलं.

वरच्या स्कूलला मी अर्ज केलेलाच होता. पुण्याच्या माणसाला न सांगता, रागाच्या भरात. त्यात 'डाळ मिल' असं ठणठणीत लिहिलं होतं, अकोल्यासकट. तिथून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं तेव्हा मी मेल पुन्हा पुन्हा वाचला, कारण माझाच विश्वास बसेना.

त्या सकाळी जठारपेठेतल्या माझ्या खोलीवर लाइट गेली, आणि लाइटीसोबत इंटरनेटही. मिलवर जनरेटर असतो. लॅपटॉप छातीशी धरून मी ऑटोत बसले. मिलच्या केबिनमध्ये पुतण्या दोन व्यापाऱ्यांना घेऊन बसलेला. "मॅडम, अर्धा तास द्या फक्त," तो म्हणाला. अर्धा तास होता कुणाकडे? मी तशीच मागे फिरले आणि पॅकिंगच्या शेडमध्ये गेले. बायांनी काही विचारलं नाही. खोक्यावर खोकं ठेवून टेबल केलं, बसायला भरलेला कट्टा ओढला. त्यातल्या सगळ्यात वडील बाईनं पदरानं माझ्या केसांवरची भुकटी झटकली आणि म्हणाली, "बोला आता बिनधास." पलीकडे मिल धडधडत होती. ती बंद करणं काही माझ्या हातात नव्हतं.

पडद्यावर दोघं आले. एक प्राध्यापक बाई, आणि त्याच स्कूलमधून शिकून मोठ्या हुद्द्यावर गेलेला एक माणूस. नमस्कार व्हायच्या आधी बाईंनी विचारलं, "हा आवाज कसला?"

'मशीनचा.' बाबांच्या नियमानं उत्तर एवढंच. पण माझ्या पाठीमागे त्या बाया होत्या, नाकात तुरीचा वास होता, आणि मला त्या पिंजऱ्याचा एकदम कंटाळा आला. "डाळ होते आहे," मी म्हटलं, "बघायची का?" आणि उत्तराची वाट न बघता लॅपटॉप उचलून सगळीकडे फिरवला. बायांनी पटापट पदर सारखे केले. एकीनं तर हात जोडून नमस्कार केला.

कुकरची गोष्ट मी सांगितली. मशीन आल्यावर बाया घरी बसणार होत्या, त्यावरून शेठशी कशी भांडले, तेही सांगितलं. तो माणूस ऐकत होता, मग म्हणाला, "हे सगळं तर तुम्हाला एमबीएशिवाय जमलं. मग आता ते कशाला? नावापुढे लावायला?"

झालं. आला राग. कानशिलं तापली. बाबा दाराआड असते तर त्यांनी दिवाच मालवला असता.

"समोर एक केबिन आहे," मी म्हटलं. "आत बसलेल्या माणसाकडे एमबीए आहे, म्हणून तो आत आहे आणि मी तुमच्याशी खोक्यावर लॅपटॉप ठेवून बोलते आहे. पण मला ती खुर्ची नकोच आहे. माझी डाळ तीन जिल्ह्यांत पोचली आणि तिथे अडली. पुढच्या प्रत्येक घरात काही मी कुकर घेऊन शिरू शकत नाही. मी न जाता माझी डाळ कशी जाईल, तेवढं मला शिकायचं आहे. तुम्हाला शिकवता येत असेल तर शिकवा."

येत असेल तर! हे मी देशातल्या वरच्या स्कूलच्या प्राध्यापक बाईंना म्हणाले. शब्द सुटले आणि मी जीभ चावली. बाई मात्र पुढे सरकून बसल्या.

"आणि अपयश?" त्यांनी विचारलं.

"अमरावती," मी क्षणात म्हटलं. "माझं गाव. तिथे आमची डाळ शिजली नाही. आईच्या ओळखीच्या एकूण एक घरी मी वरण केलं. सगळ्यांनी खाल्लं, तोंडभरून कौतुक केलं, आणि डाळ आणली ती नेहमीचीच. ओळखीचा माणूस कौतुक करतो, गिऱ्हाईक होत नाही. हे मला फार उशिरा कळलं, आणि त्यावर काय करायचं ते अजून कळलेलं नाही."

बाईंनी ते लिहून घेतलं. मी पाहिलं, लिहून घेतलं! मग त्या दोघांनी मला इतके प्रश्न विचारले की वेळ उलटून गेली. शेवटी तो माणूस हसून म्हणाला की त्याच्या घरी वरण कधीच धड होत नाही, पाणी किती घालायचं? ते शिकवायला मी वेगळी फी घेते, असं मी त्याला सांगितलं.

निकाल आला तेव्हा मी वजनकाट्याजवळ उभी होते. तुरीचा ट्रक काट्यावर चढत होता आणि फोन थरथरला. प्रवेश. वर शिष्यवृत्ती. मी अशी काही ओरडले की ड्रायव्हरनं घाबरून ब्रेक मारला आणि काच खाली करून विचारलं, "काय झालं, बाई, कोनी सापडलं का खाली?" कुणी नाही, भाऊ, कुणी नाही, मीच वर गेले! हे मी त्याला खरंच सांगितलं. त्यानं बापड्यानं ट्रक बंद करून मला शेकहँड केला.

बाबा कोर्टात होते. बार रूममधून फोनवर आले आणि कोर्टाच्याच आवाजात म्हणाले, "निकाल काय?"

"आपल्या बाजूनं."

मग म्हणाले, "त्याईनं काय विचारलं, तू काय सांगितलं, सगळं सांग." मी सांगितलं. विचारलं नाही ते बोलले, चूक कबूल केली, चिडले, सगळं.

"म्हंजे तू फुटली," ते शेवटी म्हणाले.

"हो बाबा. पार फुटले."

"बाप्पा! माह्या अख्ख्या वकिलीत साक्षीदार फुटला अन् केस जिंकली, असं कधीच झालं नाई!" आणि मग बार रूममध्ये सगळ्यांना ओरडून सांगायला लागले, तेव्हा त्यांचा आवाज फाटत होता. मला ठाऊक होतं ते रडताहेत. मीही रडत होते. आईनं नंतर सांगितलं की त्या दिवशी त्यांनी विरुद्ध बाजूच्या वकिलालासुद्धा पेढा भरवला.

कुठून कळलं कोण जाणे, पुण्याच्या माणसाचा मेसेज आला, मनापासून अभिनंदन, आणि यशस्वी उमेदवारांत लावायला एक फोटो पाठवा. मी लिहिलं, डाळ मिलमधला आहे, चालेल का?

राजीनामा द्यायला मी शेठकडे गेले. ते खरंच कासावीस झाले. "कावून जाता, बाई? पुतन्याच्या बरोबरीची खुर्ची देतो. केबिन देतो."

"शेठ, वर्षभरानं शिकून परत येणार आहे."

त्यांचा चेहरा खुलला. "मंग झालं तं! मिल तुमचीच आहे."

"इथे नाही," मी म्हटलं. "रस्त्यापलीकडचा प्लॉट रिकामा आहे ना, तिथे. माझी मिल टाकणार आहे."

शेठनं हातातला राजीनामा टेबलावर ठेवला. त्यांनी मला कामाला ठेवलं होतं, माझ्याशी भांडले होते, आणि माझ्या डोक्यावरून दुसऱ्याला नेलं होतं. या सगळ्याचा एकदम विचार करत असावेत. मग त्यांनी बाहेर तोंड करून चहा सांगितला. "भाव पाडू नोका फक्त," ते म्हणाले. मी म्हटलं, ते मात्र बघू.

केबिनपासून पॅकिंगच्या शेडपर्यंत मी पोचायच्या आत बातमी पोचली होती. काम थांबलेलं. ती वडील बाई उभी राहिली, हाताची भुकटी लुगड्याला पुसली आणि जरा संकोचानं म्हणाली, "बाई, समोर मिल टाकता म्हने तुमी. मंग तठी आमचा नंबर लागन का?"

वर्षभर लोक माझे चान्स मोजत होते, आणि मी श्वास रोखून ऐकत होते. ज्या मिलची अजून वीटही नव्हती, तिथे या बाईनं अर्ज केला होता आणि तशीच, श्वास रोखून माझ्याकडे बघत होती. उत्तरासाठी तिला मी ताटकळत ठेवणार नव्हते.

"लागला," मी म्हटलं. "सगळ्यात पहिला तुमचाच लागला."

तिनं मान हलवली, मागे वळून बाकीच्यांना "ऐकलं ना वं?" म्हणाली आणि खाली बसून पाकीट भरायला लागली.